सड्यावर वाफेची गाडी: आधी चढ आणि विहीर, इंजिन मागाहून

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरकडे साडेआठ एकर जागा, वर कातळाचा सडा, खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओहोळापर्यंत, काजू आणि हापूसची कलमं. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय काही वर्षं चालू आहे. आता फाटकापासून खालच्या मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या घरापर्यंत, सातशे मीटर रूळ टाकून खरी, वाफेवरची छोटी गाडी चालवायची आहे. इंजिन कुठलं घ्यावं, गेज (दोन रुळांमधलं अंतर) किती, काजूच्या टरफलांवर भागेल का आणि पाटीवर 'कोकणातली पहिली छोटी रेल्वे' लिहिता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

पाटीचं आधी मिटवू. नाही लिहिता येणार. नेरळ रायगडात आहे आणि रायगड कोकणात. नेरळ-माथेरान गाडी २२ मार्च १९०७ ला सुरू झाली, दोन फुटी गेजची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली. आपल्या मोठ्या कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ ला खुला झाला, म्हणजे छोटी बहीण मोठीपेक्षा नव्वद वर्षांनी थोरली! दुसरं काहीतरी नाव शोधा.

मी रेल्वेतला माणूस नव्हे. उमेदीची वर्षं लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर काढली, आणि निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टची पंधरा इंची गेजची गाडी नऊ वर्षं सांभाळतो आहे. सहाशे मीटर रूळ, एक वाफेचं इंजिन, एक बॅटरीचं. तेव्हा पुढचं सगळं बॉयलरवाल्याच्या नजरेतून आहे हे धरून चाला. रुळांचा माणूस कदाचित दुसऱ्या टोकापासून सुरुवात करेल.

तुम्ही विचारलंय इंजिनाबद्दल. माझ्याकडे आजवर जेवढे लोक आले ते सगळे इंजिनाचा फोटो घेऊनच आले. पण अशी गाडी बंद पडते ती इंजिनामुळे क्वचितच. चढ जास्त निघतो, विहिरीचं पाणी मे महिन्यात खारट होतं, किंवा बॉयलर सांभाळणारा गडी गणपतीला गावी जातो आणि परत येत नाही. या तीन गोष्टी ठरल्या की गेज आणि इंजिन जवळजवळ आपोआप ठरतं. तुमच्या पत्रात या तिन्हींबद्दल एकच वाक्य आहे: "थोडा उतार आहे." त्या 'थोडा'पासून सुरू करतो.

कोकण रेल्वे बांधताना सह्याद्रीच्या सोंडा कापल्या, बोगदे खणले, पानवलला चौसष्ट मीटर उंच पूल उभा केला, आणि हे सगळं करून चढ १५० ला १ च्या आत ठेवला. म्हणजे दीडशे मीटर गेल्यावर एक मीटर वर. माथेरानची गाडी २० ला १ चढते, पण तिथली जुनी इंजिनं त्या घाटासाठी मुद्दाम घडवलेली होती. स्वित्झर्लंडमधली ब्रिएन्झ-रोटहॉर्न गाडी तर ४ ला १ चढते, पण तिथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून चढतं. तुम्हाला दातेरी पट्टी परवडणार नाही. म्हणजे लोखंडी चाक, लोखंडी रूळ आणि दोघांमधलं घर्षण, एवढ्यावरच भिस्त.

हिशेब करून बघू. पंधरा इंची गेजचं साधारण तीन टनांचं इंजिन धरा, सगळी चाकं जोडलेली, म्हणजे सगळीच गाडी ओढणारी. तीन डबे मिळून दोन टन, तीस माणसं पावणेदोन-दोन टन. एकूण सात टन. सपाटीवर वळणांसकट ही गाडी ओढायला टनामागे बारा किलो जोर धरतो, म्हणजे चौऱ्याऐंशी किलो. ४० ला १ चढ आला की टनामागे पंचवीस किलो आणखी, म्हणजे पावणेदोनशे. एकूण दोनशे साठ. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी पकड मिळते, म्हणजे सहाशे किलो. मग अडचण कुठे आहे? ओल्या रुळावर, त्यातून पालापाचोळा असेल तर, तीच पकड दहाव्या हिश्शावर येते. तीनशे. कागदावर अजून चाळीस किलो शिल्लक आहेत. ३० ला १ चढ केलात की तेही संपतात. चाकं जागेवर गरगरतात आणि गाडी उभी.

उभी राहिली तर बरं. आमच्याकडे पहिल्याच वर्षी मेअखेरीस जांभळीखालच्या वळणावर गाडी मागे घसरली. रात्री वळवाचा शिडकावा झाला होता, रुळांवर पिकलेली जांभळं पडली होती आणि पहिल्या फेरीच्या चाकांनी त्यांचा रेंदा केला होता. ब्रेक लावले, चाकं थांबली, गाडी मात्र थांबेना. बारा-पंधरा मीटर मागे जाऊन सपाटीवर थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून पहिल्या फेरीआधी एक माणूस झाडू घेऊन सगळा रूळ चालतो, इंजिनावर कोरड्या वाळूची पेटी असते आणि ब्रेक फक्त इंजिनाला नाही, प्रत्येक डब्याला आहेत. जांभूळ तोडलं नाही. मालकीणबाईंनी तोडू दिलं नसतं.

चढाचा बॉयलरशीही संबंध आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. इंजिन चढावर असतं तेव्हा बॉयलरमधलं पाणी उताराच्या बाजूला सरकतं. जाळावरचा पत्रा, म्हणजे फायरबॉक्सचं डोकं, कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे. ते उघडं पडलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि मग बोलायला माणूस उरत नाही. म्हणून आमचं इंजिन चिमणी चढाकडे करूनच उभं असतं आणि उतरताना उलटं येतं. पाहुणे विचारतात, इंजिन वळवत का नाही? त्याचं हे कारण.

तर तुमच्या जागेत काय करावं? गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि फाटकापासून मांगरापर्यंत दर दहा मीटरला उंची मोजा. सातशे मीटरमध्ये पंचवीस मीटर उतार निघाला तर सरासरीच २८ ला १ झाली, आणि प्रत्यक्षात मधे कुठेतरी १५ ला १ असणार. तसं असेल तर मांगराचा नाद सोडा. सड्यावरच, समपातळीवर पाचशे मीटरचा फेरा घाला आणि चढ कुठेही ८० ला १ च्या वर जाऊ देऊ नका. मांगरापर्यंत माणसं पाखाडीने, दगडी पायवाटेने, चालत जातील. दार्जिलिंगला डोंगर चढायला, गाडी पुढे-मागे करत वर नेणारे झिगझॅग घातले आहेत तसं करता येईल का, असं तुमच्या मनात येईल. येईल करता, पण प्रत्येक झिगझॅगला सांधे बदलणारा माणूस लागतो.

सड्यावर रूळ टाकताना कातळ नीट बघून घ्या. उक्षी, कशेळी, बारसू इथल्या सड्यांवर कातळशिल्पं सापडलीत, आणि त्यातली कित्येक गवत-मातीखाली झाकलेली होती. तुमच्याकडे एखादी रेघ जरी निघाली तरी काम थांबवा. एखादं शिल्प निघालं तर तुमच्या गाडीपेक्षा तेच बघायला जास्त लोक येतील.

गेजवर फार वेळ घालवत नाही. सव्वासात इंची गेजवर माणूस डब्यावर घोड्यासारखा पाय टाकून बसतो. मुलांना मजा येते, पण तुमच्याकडे आजी लुगड्यात येणार, काकू साडीत येणार, त्या बसणार कशा? पंधरा इंची गेजमध्ये माणूस डब्यात नीट आत बसतो. सर आर्थर हेवूड यांनी १८७४ मध्ये इंग्लंडात डर्बीशरला स्वतःच्या आवारात पंधरा इंची रूळ टाकून, खऱ्या कामाला पुरणारं सगळ्यात लहान गेज हेच असं दाखवलं. केंट परगण्यातली रोमनी-हाइथ-डिमचर्च गाडी त्याच गेजवर १९२७ पासून धावते आहे, एकवीस किलोमीटरच्या वर, आणि तिने बरीच वर्षं शाळेच्या मुलांची नियमित ने-आण केली. दोन फुटी गेज घेतलं तर माथेरानशी नातं सांगता येईल, पण वळणं मोठी लागतील आणि वजन वाढेल. तुमच्या जागेला पंधरा इंच.

रुळांखाली जांभ्याची खडी घालू नका. स्वस्त पडते म्हणून आमच्याआधीच्या ठेकेदाराने घातली होती. दोन पावसाळ्यांत तिचा लाल चिखल झाला आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, पोहायला लागले. खडी काळ्या दगडाचीच. जांभ्याचे चिरे फलाटाला वापरा, गडग्याला वापरा, तिथे ते शोभतात. लाकडी स्लीपरला वाळवी सोडत नाही. काँक्रीटचे किंवा लोखंडी घ्या.

आता पाणी. इथे जरा थांबतो, कारण माझं सगळं आयुष्य यातच गेलं.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी साधारण हलकं असतं, क्षार कमी. चहाला उत्तम. बॉयलरवाल्याला मात्र त्यात एक खोट दिसते: ते किंचित आम्लधर्मी असतं आणि लोखंड हळूहळू खातं. त्यावर उपाय सोपा आहे. ते अल्कधर्मी करायचं, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याचा पीएच साधारण अकराच्या आसपास ठेवायचा. खरी भीती खाडीलगतच्या विहिरींची. पावसाळ्यानंतर गोड असलेली विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, आणि गर्दीचे दिवस नेमके तेच.

मचूळ पाण्याने काय होतं ते आकड्यांत सांगतो. बॉयलरमध्ये दीडशे लिटर पाणी मावतं असं धरा आणि दिवसभरात सहाशे लिटरची वाफ होते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते आतच राहतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत आतलं पाणी सकाळच्या पाचपट खारट. लिटरला साठ मिलिग्रॅम क्षारांचं पाणी घातलंत तर संध्याकाळी तीनशे, काही बिघडत नाही. नऊशेचं घातलंत तर साडेचार हजार. असं पाणी उकळताना दुधासारखं फेसाळून वर येतं आणि वाफेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जातं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरचं झाकण फुटतं नाहीतर पिस्टनचा दांडा वाकतो. आमचा दांडा वाकला होता. दुरुस्तीला दीड महिना गेला, तोही मे-जूनचा.

तुमच्याकडे आभाळातून तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मांगराच्या कौलांना पन्हळ लावा आणि पहिल्या आठवड्याचं पाणी सोडून देऊन पुढचं टाकीत साठवा. इंजिन वर्षातून चाळीस दिवस चालणार असेल तर चोवीस हजार लिटर झाले, धुण्या-सोडण्याचं धरून तीस हजारांची झाकलेली टाकी पुरेल. हेच पाणी बॉयलरला, विहिरीचं फक्त अडीनडीला. पाण्यात घालायचं औषध मात्र तयार, बॉयलरचंच विकत आणा. टॅनिन बॉयलरला चालतं आणि हिरड्यात टॅनिन असतं, एवढं ऐकून एका गृहस्थांनी टाकीत हिरडे भिजत घातले होते. पुढचं विचारू नका.

टरफलांबद्दल: काजूच्या कारखान्यांत भट्टीत टरफलं जाळतात हे खरं. पण टरफलात तेल असतं, ते कातडी भाजून काढतं आणि त्याचा धूर काळा, चिकट, डोळे झोंबवणारा. कारखान्याची चिमणी उंच असते, तुमची पाहुण्यांच्या नाकासमोर असणार. शिवाय नळ्यांत डांबर साठतं. तेल काढून घेतलेली टरफलं थोडी बरी, पण मी आमच्या इंजिनात तीही बंद केली. सुरूचं नाहीतर बाभळीचं वाळलेलं लाकूड चांगलं जळतं, पण ठिणग्या उडतात. फेब्रुवारीपासून सड्यावरचं गवत कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वणव्याने कलमं जळाली की पंधरा वर्षांची मेहनत एका दुपारी जाते, आणि त्या दिवशी शेजारच्या बागेतली कलमं जळाली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. चिमणीत ठिणग्या अडवणारी जाळी बसवतात, तरी मी तेवढ्यावर विसंबणार नाही.

म्हणून आता नव्या वाफेकडे येतो. पुष्कळांना वाटतं वाफेचं इंजिन म्हणजे जुनं, कुठल्यातरी शेडमधून आणायचं. तसं नाही. ब्रिएन्झ-रोटहॉर्नवर १९९२ मध्ये विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याने नव्याने घडवलेलं वाफेचं इंजिन आलं. अभियंते रॉजर वॉलर यांचं ते काम. कोळसा नाही, हलकं तेल जळतं. बॉयलरला जाड आवरण, रात्री विजेच्या हीटरने पाणी गरम ठेवतात, त्यामुळे सकाळी जाळ घालायला दोन-तीन तास आधी कुणी उठावं लागत नाही. चालवायला दोघांऐवजी एक माणूस. तशीच इंजिनं ऑस्ट्रियाच्या शाफबर्ग डोंगरी रेल्वेवरही गेली. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी आधी तेलावरची नवी इंजिनं बनवली, आणि २०२१ मध्ये तर कोळशावरचं नवं इंजिन बाहेर काढलं. म्हणजे ही विद्या आपल्या देशात जिवंत आहे. तो सरकारी कारखाना आहे, तुमची ऑर्डर तिथे जाणार नाही, पण त्यांची दिशा तुम्हाला उपयोगी आहे.

तुम्ही ब्रिएन्झकडून इंजिन नको, तीन सवयी घ्या: तेलाचा बर्नर, जाड आवरण, रात्रीचा हीटर. आमच्या इंजिनात आम्ही चौथ्या वर्षी डिझेलचा बर्नर बसवला. लाकडाचा वास गेला, काही जुने पाहुणे नाराज झाले. पण ठिणगी नाही, राख नाही, आणि गाडी थांबली की जाळ एका चावीने बंद. ऐन मोहोराच्या दिवसांत बागायतदाराला काजळी नको असते, तीही कमी. तुमच्यासारख्या बागेतल्या गाडीला मी दुसरं काही सुचवणार नाही.

पावसाळ्याचं. नेरळ ते अमन लॉज गाडी पावसाळ्यात बंद असते, फक्त वरचा अमन लॉज-माथेरान तुकडा चालतो. २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत तो मार्ग इतका वाहून गेला की पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. रेल्वे जिथे थांबते तिथे तुम्ही आणि मी चालवायचा हट्ट कशाला? मिरगाआधी बॉयलर रिकामा करायचा, उबेवर आतून खडखडीत वाळवायचा, आत तबकांत कळीचा चुना ठेवायचा म्हणजे तो दमट हवा शोषतो, आणि सगळी तोंडं बंद. महिन्याने चुना बदलायचा. खाऱ्या वाऱ्यात पाणी अर्धवट भरून ठेवलेला बॉयलर नवरात्रात उघडलात तर पाण्याच्या रेषेवर खड्ड्यांची माळ दिसेल. मी बघितली आहे.

कायद्याचं थोडक्यात: बॉयलर गावच्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. नकाशा मंजूर करून, निरीक्षकाच्या देखरेखीखाली बनलेलाच घ्या. मग नोंदणी, दर वर्षी तपासणी आणि प्रमाणपत्र असलेला बॉयलर अटेंडंट. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आलाय, तेव्हा बाष्पके संचालनालयात आधी जाऊन विचारा. जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियमही बघावे लागतील.

आणि अटेंडंट. प्रमाणपत्राचा माणूस चिपळूण-लोट्याकडे मिळतो, पण तो कारखान्याच्या पगाराचा असतो. तुमच्या चाळीस दिवसांसाठी तो वर्षभर राहणार नाही. आमच्या रिसॉर्टने हे असं सोडवलं: रोजची गाडी बॅटरीच्या इंजिनावर, ती कुणीही शिकलेला मुलगा चालवतो. वाफ फक्त दिवाळी, नाताळ आणि मेमधले शनिवार-रविवार, आणि त्या दिवसांना मी. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न आमच्याकडेही आहेच.

बॅटरीच्या इंजिनाला वाफेचा मुखवटा चढवावा का? आयर्लंडमध्ये लिस्टोवेलला एका रुळावर चालणारी लार्तिग गाडी १८८८ ते १९२४ चालली. आज तिथे तिची प्रतिकृती आहे, दिसायला वाफेची, आत डिझेल. ते तसं उघड सांगतात, म्हणून मला त्यात खोटं वाटत नाही. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे, तिला कुणी वाफेचं ढोंग करायला लावलं नाही, आणि मुलं तरीही रांगेत उभी राहतात. माझं मत असं की बॅटरीचं इंजिन बॅटरीचंच दिसू द्या. वाफ असेल त्या दिवशी ती खरीच असावी. चिमणीत धुराचं यंत्र मात्र बसवू नका, मुलं दोन मिनिटांत ओळखतात.

मी तुमच्या जागी असतो तर पहिली दोन वर्षं फक्त सड्यावरचा फेरा आणि बॅटरीचं इंजिन. रूळ मात्र पहिल्यापासून तीन टनांच्या वाफेच्या इंजिनाला पुरतील असे. तोवर पन्हळ, टाकी आणि माणूस जमतोय का ते कळेल. लोक दुसऱ्या वर्षीही गाडीसाठी येत असतील तर मग वाफ.

तूर्त दोनच कामं करा. नळीने मोजलेले उंचीचे आकडे काढा, आणि विहिरीचं पाणी आत्ता नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाटलीत भरून तपासायला द्या. दोन्ही हातात आले की इथेच लिहा, मग वळणांची त्रिज्या आणि इंजिनाचं वजन यावर बोलू.